पिल्लू बोलायला कुणाकडून शिकलं? तुमचे अनुभव लिहा

पेठेतली आजी
काल नातू फोनवर पहिल्यांदाच दोन शब्द जोडून बोलला, "आज्जी, पाणी". आणि एकदम गॅलरीतला जुना पिंजरा आठवला. झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी होती, मडक्यात एकच पिल्लू. नर दिवसभर पिपाणी वाजवायचा. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं असताना तो गेला. मादी गात नाहीच. पिल्लू मोठं होऊन गायला लागलं, पण गाण्याला ना आगा ना पिछा. आमचे हे म्हणायचे, कुकरला सर्दी झालीय.

राळेवाली
कुकरला सर्दी 😂
आमच्याकडे उलट, बापाचं गाणं सुरासकट उतरलं. साधारण पंचविसाव्या ते नव्वदाव्या दिवसात ऐकून घोटायचं, मग तेच एक गाणं जन्मभर. आपल्या पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत याच पक्ष्यांच्या गाण्यावर काम चालतं. दूध उतू जातंय, येते.

जुळ्यांचा बाबा
मार्मोसेट बघा. ब्राझीलचं माकड, खारीहून जरा मोठं. त्यांनाही बहुतेक जुळीच, आणि पाठीवर घेऊन बाप हिंडतो. (इथे कंबर गेली.) त्याचं पिल्लू नक्कल करत बसत नाही. आधी नुसती किरकिर, पण आईबाप जितकी ओ देतात तितकी हाक लवकर सुधारते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठवाल्यांनी 2015 मध्ये दाखवलंय.

औंधकर
हे दोन्ही कुठे मिळतात? मुलगी मागे लागलीय.

जुळ्यांचा बाबा
माकड घरात? सोसायटीत मांजरावरून मीटिंग होते राव.

सिंहगड रोड
ओ देण्यावरून. लेक अडीच वर्षांची होईपर्यंत गप्प. डॉक्टर म्हणाले, टीव्ही बंद, ती "ऊं" म्हणाली तरी उत्तर द्या. मी पोळ्या लाटता लाटता "ऊं? काय गं ऊं?" करायचे. सासूबाईंना वाटलं मलाच काही झालंय. आता शाळेतून तक्रार येते, फार बोलते म्हणून.

राळेवाली
आले. फिंचची आई गात नसली तरी गप्प नसते हं. पिल्लू बरं गायलं की पिसं फुलवते. ती दाद पाहिलेली पिल्लं जास्त चांगलं शिकतात, 2019 चा अभ्यास आहे.

पेठेतली आजी
अगं, ती फुलवायची! मला वाटायचं थंडी वाजतेय, मी पिंजऱ्यावर चादर टाकायचे.

औंधकर
बरं, फिंचच. त्यांना चोच घासायला समुद्रफेस कुठे मिळेल?

राळेवाली
मंडईजवळ काष्ठौषधीवाल्याकडे विचारा.