हापूसची कच्ची पेटी आली आहे, खाणारी माणसं दोनच. आंबे टिकवायचे कसे?

सदाफुली:
नमस्कार मंडळी. देवगडहून पाच डझनांची पेटी परवा आली. सगळे आंबे हिरवे, कडक. घरात आम्ही दोघंच, त्यात ह्यांना साखरेचं पथ्य, म्हणजे दिवसाला एखादी फोड. मुलगी आणि नातवंडं अजून तीन आठवड्यांनी येतील. त्यांच्या तोंडी यातले थोडे तरी चांगले आंबे पडावेत असं फार वाटतं. गेल्या वर्षी काही आंबे देठाशी काळे पडून आतून कुजले, काही नुसतेच सुरकुतले आणि त्यांना गोडी म्हणून आली नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, अर्धे कच्चेच फ्रिजमध्ये टाका आणि लागतील तसे बाहेर काढा. माझं मन घेत नाही. पुण्यात फ्लॅट आहे, माळा नाही. उत्तरेकडची एक खोली मात्र दुपारीही गार असते. कुणी नीट सांगेल का?

ओली_माती:
सदाफुलीताई, कच्चा हापूस फ्रिजमध्ये अजिबात नको. 13 अंशांच्या खाली तो फार दिवस राहिला तर सालीवर करडे-तपकिरी डाग पडतात आणि नंतर बाहेर काढला तरी धड पिकत नाही. घरचा फ्रिज 4-5 अंशांवर असतो. बाकीचं कोकणातलं कुणीतरी सांगेलच.

पडवी:
ताई, मी देवगड तालुक्यातली, घरची बाग आहे. आंबा झाडावरून उतरला तरी तो जिवंत असतो. श्वास घेतो, गरम होतो, स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूनेच पिकतो. एक पिकला की शेजारच्याला पिकवतो. सगळी पेटी एकदम तयार होते ती यामुळेच. तुम्हाला जर आंबे पुढे-मागे तयार व्हायला हवे असतील तर त्यांना एकमेकांपासून लांब करा, एवढं पहिलं काम.

पेटी तशीच बंद ठेवू नका. आजच सगळे आंबे बाहेर काढून एकेक हातात घ्या. देठाभोवती खड्डा पडलाय आणि दोन्ही खांदे वर आलेत, तो आंबा भरलेला. देठाकडे निमुळता, खांदे न भरलेला तो कोवळा. कोवळा आंबा पिकत नाही, सुरकुततो. गेल्या वर्षीचे तुमचे बेचव आंबे बहुतेक असेच कोवळे असणार. त्यांचं आताच पन्हं किंवा मेथांबा करून टाका, वाट बघण्यात अर्थ नाही. ज्याचा देठ मुळातून तुटलाय किंवा सालीवर चीक ओघळून काळा डाग पडलाय, तोही वेगळा काढा. देठाच्या उघड्या जागेतून बुरशी आत शिरते आणि आंबा पिकायला लागला की वर येते. तीच ती देठाशी काळी पडणारी कूज. म्हणूनच आम्ही झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, काढतानाही बोटभर देठ ठेवूनच काढतो. तुम्ही घरी तो देठ मोडू नका, कितीही टोचत असला तरी.

आता उरलेल्यांचे दोन भाग करा. एका भागाची आढी लावा. पेटीत आलेला पेंढा फेकू नका, तोच घ्या. लाकडी खोक्यात किंवा पुठ्ठ्याच्या भोकं असलेल्या खोक्यात खाली पेंढ्याचा जाड थर, त्यावर आंबे एकमेकांना न टेकता, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. दोन थरांच्या वर नको. तिसरा थर घातला की खालच्यांवर भार येतो आणि मधली ऊब वाढते. हे खोकं स्वयंपाकघरात चालेल. हे आंबे साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतील.

दुसरा भाग त्या गार खोलीत. जमिनीवर सुती चादर किंवा गोणपाट, त्यावर पेंढ्याचा पातळ थर आणि आंबे एकेरी पसरून. वर काही झाकू नका, खिडकी जराशी उघडी. आढीचं खोकं या खोलीत आणायचं नाही, पिकलेली केळी तर मुळीच नाहीत. असे पसरलेले आंबे आढीतल्यांच्या मागून, सवडीने पिकतात.

रोज सकाळी एकदा आढीत हात घालाच. आमच्या सासूबाई डोळे मिटून वासावर आंबा काढतात. आंबा उचलायचा, देठाजवळ नाक न्यायचं. गोड वास आला आणि तळव्यात धरल्यावर किंचित मऊ लागला, की काढला. अंगठ्याने दाबून बघायचं नाही. दाबलेल्या जागी गर काळा पडतो, तो वरून दिसतही नाही. रंगावर सगळं सोडू नका, हापूस थोडा हिरवा असतानाही आतून तयार असू शकतो. एखादा काळा पडताना दिसला की त्याच क्षणी बाहेर, त्याच्या आसपासचा पेंढाही बाहेर.

तयार झालेला आंबा मात्र खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. न धुता, कोरडा, कागदी पिशवीत, खालच्या कप्प्यात. पाच-सहा दिवस चांगला राहतो. खायच्या आधी बाहेर काढून तासभर पाण्यात ठेवा, थंडगार आंब्याला वास येत नाही.

तीन आठवड्यांचं खरं सांगते. गार खोलीतले काही आंबे आणि नंतरचे फ्रिजमधले दिवस धरले तर डझनभर पोहोचतील. निम्मी पेटी पोहोचणार नाही. नातवंडांसाठी त्यांच्या येण्याच्या दहा दिवस आधी दुसरी छोटी पेटी कच्चीच मागवा, ती त्यांच्यासमोर पिकेल. ह्या पेटीतलं जास्तीचं पिकलेलं रसासाठी ठेवा.

सदाफुली:
पडवीताई, किती मनापासून लिहिलंत! लगेच कामाला लागले. सात आंबे कोवळे निघाले. पण पेटीच्या तळाशी एक छोटी कागदी पुडी सापडली, त्यावर काहीच छापलेलं नाही. ती ठेवू की टाकू?

पडवी:
टाका. हात धुवा, आंबेही वाहत्या पाण्यात धुऊन फडक्याने देठापर्यंत कोरडे करून मगच पसरा. एरवी मी साठवणीचे आंबे धुवू नका म्हणते, पण इथे धुवाच. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे आणि ती पुडी कशाची हे बघून कळत नाही. इथिलीनच्या पुड्यांना परवानगी आहे, पण त्यावर तसं लिहिलेलं असतं आणि त्या फळाला चिकटवून ठेवायच्या नसतात. ज्यांनी पेटी पाठवली त्यांना फोन करून सरळ विचारा. जो बागायतदार आंबा स्वतःच्या आढीत घालतो, त्याला उत्तर द्यायला अडचण नसते.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून. आमचा प्रश्न उलटा. इथे एप्रिलमध्ये घर गार, आंबे दोन आठवडे ढिम्म. भारतातून इथे येणाऱ्या आंब्यांवर किडींच्या बंदोबस्तासाठी विकिरण प्रक्रिया झालेली असते, आणि पिकायला त्यांना ऊब लागतेच. मी तांदळाच्या डब्यात पुरतो, सोबत एक पिकलेलं केळं. डब्यात वायू कोंडून राहतो. रोज उघडून बघावं लागतं, नाहीतर घामेजून बुरशी येते. चिकूलाही हेच चालतं.

ओली_माती:
एडिसनकरांच्या डब्यावरून एक भर: ही युक्ती द्राक्षं, स्ट्रॉबेरी, डाळिंब, संत्र्यांना लागू नाही. ती तोडल्यावर पिकतच नाहीत, जशी घेतली तशीच राहतात, फक्त सुकतात किंवा सडतात. त्यांना थेट फ्रिज बरा. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी खायच्या वेळीच धुवा, स्ट्रॉबेरीची हिरवी टोपी आधी काढू नका, नासका दाणा दिसला की लगेच उचला.

सदाफुली:
पुडी टाकली, आंबे पुसून पसरले. पडवीताई, रसाचं सांगायचं राहिलं. फ्रीझरमध्ये रस काळा पडतो का?

पडवी:
हवा लागली तर पडतो. हाताने पिळून, रेषा काढून, दूध-पाणी काही न घालता वाटीमागे चमचाभर साखर ढवळा आणि एकावेळी संपेल एवढाच रस पिशवीत भरा. पिशवी आडवी ठेवून हवा पूर्ण काढून बंद करा आणि सपाटच गोठवा. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. एकदा सुटलेला रस पुन्हा गोठवू नका. दिवाळीपर्यंत आरामात राहतो.