इंग्रजीतील अलंकार आणि व्याकरणाच्या संज्ञा मराठी प्रतिशब्दांवरून शिकवाव्यात का?

पिंपळपान

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. इंग्रजीच्या चाचणीत ‘शी लुक्स लाइक हर मदर’ या वाक्यापुढे तिने ‘सिमिली’ असे लिहिले आणि त्या उत्तराला गुण मिळाला नाही. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, अशा जोड्या लावूनच मी तिचा अभ्यास घेते. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की उपमा समजावी, हेही मीच तिला सांगितले होते. यात नेमके काय चुकले, आणि याच पद्धतीने व्याकरण शिकवल्यास आणखी कुठे घोटाळा होऊ शकतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दयात्री

मी अनेक वर्षे माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवले आहे आणि ही चूक दरवर्षी तपासली आहे. आपली जोडी बरोबर आहे, सिमिली म्हणजे उपमाच. चुकली आहे ती खूण. ‘मुलगी आईसारखी दिसते’ या मराठी वाक्यात ‘सारखी’ हा शब्द असूनही आपण तिथे उपमा अलंकार मानत नाही, कारण आई आणि मुलगी या एकाच जातीच्या व्यक्ती असून त्यांच्या चेहऱ्यांतील साम्य ही साधी वस्तुस्थिती आहे. एरवी एकमेकींपासून दूर असलेल्या दोन गोष्टींमधले साम्य कल्पनेने दाखवले, त्यात काही चमत्कृती असली, तरच तो अलंकार होतो. इंग्रजीतही हीच कसोटी आहे.

मुलीला तीन वाक्ये एकाखाली एक लिहून द्यावीत: ‘आय लाइक रेन’, ‘शी लुक्स लाइक हर मदर’ आणि ‘शी रॅन लाइक द विंड’. पहिल्या वाक्यात ‘लाइक’ हे क्रियापद आहे, त्यामुळे तिथे तुलनेचा प्रश्नच येत नाही. उरलेल्या दोन्ही वाक्यांत ते प्रिपोझिशन आहे, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच आहेत. तरीही अलंकार फक्त तिसऱ्यात आहे, कारण धावणारी मुलगी आणि वारा यांना एकत्र आणले ते बोलणाऱ्याच्या कल्पनेने. व्याकरण आपल्याला एका टप्प्यापर्यंत आणून सोडते आणि पुढचा निर्णय अर्थावरून करावा लागतो, हे या तीन वाक्यांवरून मुलांना फार लवकर कळते. ‘ॲज’चेही तसेच आहे: ‘ॲज टॉल ॲज हर ब्रदर’ ही उंचीची तुलना झाली, ‘ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन’ ही उपमा झाली आणि ‘ॲज इट वॉज रेनिंग, वुई स्टेड इन’ यामधले ‘ॲज’ केवळ कारण सांगणारे उभयान्वयी अव्यय आहे.

उपमेय आणि उपमान हे शब्द मात्र तिला अवश्य शिकवा. इंग्रजी समीक्षेत यांच्यासाठी वापरले जाणारे ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ हे शब्द आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 मध्ये रूपकाच्या चर्चेत रूढ केले. आपल्या अलंकारशास्त्रात उपमेय-उपमानाची ही विभागणी त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. उपमेय कोणते आणि उपमान कोणते, हे तिला दोन बोटांनी दाखवता आले नाही, तर त्या वाक्यात उपमा नाही असे खुशाल समजावे.

दोन्हीभाषी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मला व्याकरणातील एका जोडीविषयी लिहायचे आहे, कारण अभ्यासू मुलेसुद्धा नेमकी तिथेच फसतात. ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, ही जोडी कृपया लावू नये.

‘मुलाने पोळी खाल्ली’ हे वाक्य पाहा. येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, पोहे खाल्ले. म्हणून मराठी व्याकरणाप्रमाणे हा कर्मणी प्रयोग आहे. याच वाक्याचे इंग्रजी रूप मात्र सरळ ॲक्टिव्ह आहे, कारण मुलगा हाच तिथे सब्जेक्ट आहे आणि क्रिया तोच करतो. मराठीतला प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाशी जुळते यावरून; इंग्रजीतला व्हॉइस ठरतो तो सब्जेक्ट क्रिया करतो की त्याच्यावर क्रिया घडते यावरून. हे प्रश्नच वेगळे असल्यामुळे उत्तरे जुळण्याची अपेक्षा धरता येत नाही. पॅसिव्हच्या खरोखर जवळ जाणारी रचना म्हणजे ‘पोळी मुलाकडून खाल्ली गेली’, आणि तिला आपल्याकडे नवीन कर्मणी असे स्वतंत्र नावच आहे.

शब्दांच्या आठ जातींची जोडी बरीचशी जुळते. फक्त प्रिपोझिशन नामाच्या आधी स्वतंत्र शब्द म्हणून येते आणि आपले शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडले जाते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अक्षरओळख

दोन गोष्टी मला जोडाव्याशा वाटतात. ॲलिटरेशनला आपण अनुप्रास म्हणतो, परंतु अनुप्रासात वर्णाची पुनरावृत्ती शब्दात कुठेही चालते, तर ॲलिटरेशन प्रामुख्याने जवळजवळच्या शब्दांच्या आरंभीच्या ध्वनीवर अवलंबून असते. शिवाय तो ध्वनी असतो, अक्षर नव्हे. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण ते ॲलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फॅन’ यांची पहिली अक्षरे वेगळी असूनही ते आहे. मुलीला वाक्य मोठ्याने वाचायला लावावे, डोळ्यांपेक्षा कानाला हे आधी समजते.

दुसरी गोष्ट अशी, की काही संज्ञा व्याकरणात आणि साहित्यात दोन्हीकडे येतात आणि दोन्हीकडे त्यांचा अर्थ वेगळा असतो. व्याकरणातला ‘मूड’ म्हणजे आज्ञार्थासारखे क्रियापदाचे अर्थ, तर कवितेचा ‘मूड’ म्हणजे तिची भाववृत्ती. ‘अपॉस्ट्रफी’ हे गाळलेल्या अक्षराच्या जागी येणारे चिन्हही आहे आणि समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून बोलण्याचा अलंकारही आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘दुसरीकडे वळणे’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे: अलंकारात बोलणारा श्रोत्यांकडून दुसरीकडे वळतो, तर चिन्हाच्या जागी एखादे अक्षर बाजूला सारलेले असते. हे नाते मला विलक्षण सुंदर वाटते, आणि मुलांना ते सांगितले की दोन्ही अर्थ लक्षात राहतात.

पिंपळपान

सर्वांचे मनापासून आभार. ती तीन वाक्ये काल लिहून घेतली आणि तिसऱ्यातील उपमेय-उपमान मुलीने स्वतःच ओळखले. आता तिचीच एक शंका आहे: ‘वॉकिंग स्टिक’ आणि ‘वॉकिंग मॅन’ यांतील ‘वॉकिंग’ एकच आहे का?

शब्दयात्री

एकच नाही, आणि ही शंका तिला स्वतःहून आली याचा मला फार आनंद झाला. येथे मराठी अगदी अचूक मदत करते. ‘वॉकिंग मॅन’ म्हणजे चालणारा माणूस. ‘चालणारा’ हे धातुसाधित विशेषण असून इंग्रजीत ते प्रेझेंट पार्टिसिपल होय. काठी मात्र चालत नाही, ती चालण्यासाठी असते. ‘चालणे’ हे धातुसाधित नाम आहे आणि इंग्रजीत त्याला जेरंड म्हणतात. आता तिला ‘स्लीपिंग बॅग’ आणि ‘स्लीपिंग बेबी’ ही जोडी द्यावी आणि उत्तर मराठीतून विचारावे.