अंदमान सहल: बिनवस्तीच्या बेटाचा दिवस कधी धरायचा?

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी. गच्चीवर ठरल्याप्रमाणे अंदमानला १४ जण नक्की. त्यातला एक दिवस बोटीने बिनवस्तीच्या बेटावर. २६ जानेवारीला जोडून सुट्टी घेता येईल, तीच धरू का? विमानाची तिकिटं रोज वाढतायत, आज-उद्यात सांगा.

सी-४०४ दादा: आम्ही चौघं. २६ जानेवारी चालेल 👍

बी-१०३ ताई: आम्ही तिघं. पण लक्षद्वीप का नको? बंगारम, तिण्णकराचे फोटो बघून जीव तिकडेच अडकलाय.

ए-२०१ काकू: ताई, लक्षद्वीप मलाही बघायचंय. पण तिथे प्रत्येकाचं परमिट काढावं लागतं, कोचीहून अगत्तीला जाणारी विमानं लहान असतात, आणि १४ जणांना एकाच दिवशी जागा मिळणं कठीण. चार-पाच जण असतो तर मीच तुमच्या बाजूने बोलले असते.

काका, २६ जानेवारी मात्र नको. २०१४ साली याच तारखेला पोर्ट ब्लेअरजवळ, रॉस आणि नॉर्थ बे या बेटांच्या मध्ये पर्यटकांची बोट बुडाली आणि वीसहून जास्त माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक भरले होते. जोडसुट्टीला जेटीवर गर्दी होते, मागून घाई होते आणि माणसं मोजायचं राहून जातं. माझं माहेर मालवणचं, वडिलांची होडी होती. जत्रेच्या दिवशी ते स्वतः माणसं मोजायचे आणि जास्त झाली की ओळखीच्यांनाही खाली उतरवायचे. लोक रागवायचे, पण ते ऐकत नसत.

सेक्रेटरी काका: बापरे, हे माहीत नव्हतं वहिनी. मग कधी?

ए-२०१ काकू: सुट्टी नंतर बघू, आधी पाणी बघू. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि प्रवाहाला ओढ जास्त. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे हा फरक कमी, पाणी त्या मानाने शांत. आपल्यात मुलं आहेत, पोहता न येणारे आहेत, म्हणून अष्टमीच्या आसपासचाच दिवस हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो, मेच्या मध्यानंतर पावसाळा लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र चांगला.

सी-४०४ दादा: काकू, आमच्या मोठीची दहावी आहे. मार्च संपल्याशिवाय आम्ही हलू शकत नाही.

बी-१०३ ताई: मग रामनवमी? नवमीच आहे, म्हणजे भांग!

बी-३०२ आजोबा: रामनवमीला आणि एकादशीच्या रथाला मी नाशिक सोडणार नाही. पन्नास वर्षं काळारामाचं दर्शन चुकवलेलं नाही.

ए-२०१ काकू: आजोबा, तुम्हाला सोडून कोण जाईल! पुढचा भांग धरू, चैत्र वद्य अष्टमी. रथही होईल, दहावीही संपलेली असेल. कालनिर्णय काढून बघते.

बी-३०२ आजोबा: मग माझं नाव घ्या. मला सेल्युलर जेल बघायचंय. सावरकर भगूरचे, आपल्याकडचे. १९११ ते १९२१ ते तिथे होते, बाबारावही तिथेच. तिथे एकदा डोकं टेकवलं की झालं. बेटावर नेलं नाहीत तरी चालेल.

ए-२०१ काकू: जेल आदल्या दिवशी निवांत बघू. बेटाचं मात्र खरं ते सांगते. आपण जातोय ते जॉली बॉय. वंडूरच्या जेटीवरून साधारण तासाभराचा बोटीचा प्रवास, निम्मा रस्ता खारफुटीच्या झाडांमधून. बेटावर धक्का नाही. मोठी बोट अलीकडे थांबते, तिथून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरायचं आणि शेवटी पाण्यात पाय घालून वाळूवर. बोट हलत असताना एका बोटीतून दुसरीत पाय टाकायचा आहे. आजोबा, गुडघा कसा आहे ते तुम्हीच सांगा, संकोच करू नका.

बी-३०२ आजोबा: गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पायऱ्या रोज उतरतो. पण हलत्या बोटीतून उतरणं नाही जमणार. मी आणि माझी बायको जेटीवर थांबू.

सेक्रेटरी काका: मी थांबतो आजोबांसोबत, काळजी नको.

सी-४०४ दादा: परमिट एजंट काढून देईल ना?

ए-२०१ काकू: एजंटच्या भरवशावर नको. माझ्या आतेभावाला एकाने "परमिट झालंय" म्हणून सांगितलं होतं. सकाळी जेटीवर गेले तर नावच नाही. लहान मुलांना घेऊन तिथूनच परत फिरावं लागलं. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं हे बेट, १९८३ पासूनचं उद्यान आहे, १५ बेटांचं. वनखातं रोज ठरावीकच लोक सोडतं. परवानगीचा कागद हातात आला की मगच बोटीचे पैसे. पावसाळ्यात जॉली बॉय बंद ठेवून रेड स्किन हे दुसरं बेट उघडतात, त्यामुळे आपल्या तारखांना कोणतं चालू आहे तेही विचारून घेऊ.

बी-१०३ ताई: खायचं काय न्यायचं? मी चिवड्याची पाकिटं घेते.

ए-२०१ काकू: ताई, पाकिटं नको. जेटीवर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक बेटावर जाऊच देत नाहीत. पाण्याच्या बाटल्याही अनामत भरून देतात, परत आणून दाखवल्या की पैसे परत. चिवडा स्टीलच्या डब्यात, पोळ्या फडक्यात बांधून, पाणी स्टीलच्या बाटल्यांतून. बेटावर दुकान नाही, काही विसरलं तर विसरलं. औषधं ज्याची त्याने खिशात ठेवा. बोट लागते त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, बोटीत मधोमध बसावं आणि लांब क्षितिजाकडे बघावं, मोबाईलकडे नाही.

सी-४०४ दादा: धाकटा विचारतोय, मगर असते का? नेटवर वाचून घाबरलाय.

ए-२०१ काकू: त्याला खोटं नका सांगू. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, वंडूरच्या किनाऱ्यावर त्यासाठी पोहण्याच्या जागेला जाळी लावलेली आहे. म्हणूनच गार्ड सांगतील तेवढ्याच पाण्यात उतरायचं आणि खाडीच्या तोंडाशी खेळायचं नाही. गंगापूर धरणात तो काकांचं ऐकतो ना, तसंच इथे गार्डचं ऐकायचं.

बी-१०३ ताई: आणि प्रवाळ दिसतील ना रंगीत? जाहिरातीत तर इंद्रधनुष्यच दाखवतात.

ए-२०१ काकू: दिसतील, पण जाहिरातीसारखे सगळीकडे नाहीत. २०१० मध्ये समुद्र तापला आणि तिथले खूप प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते अन्नही देतं आणि रंगही. पाणी तापलं की ते शैवाल बाहेर पडतं. जे वाचलेत त्यांच्यावर आपला पाय पडू नये एवढी माझी कळकळीची विनंती. मुलांना इथूनच शिकवून ठेवा: उभं राहायचं ते वाळूवरच. शंख किंवा प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग तपासतात. उन्हासाठी अंगाला क्रीम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचे कपडे बरे.

सेक्रेटरी काका: परत यायला किती वाजतील? संध्याकाळी बाजारात जाता येईल का?

ए-२०१ काकू: बोट सकाळी सुटते, दुपारी परत. पण भावोजी, तिथलं घड्याळ आपलंच असलं तरी बेटं नाशिकच्या खूप पूर्वेला आहेत, सूर्य सव्वा तासाने आधी बुडतो. एप्रिलमध्येही साडेपाच-पावणेसहाला अंधारून येतं. सकाळी मात्र पाचलाच उजाडतं. बाजार दुसऱ्या दिवशी करा, त्या दिवशी पाचला उठा.

सेक्रेटरी काका: ठरलं तर. चैत्र वद्य अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे. सगळ्यांनी ओळखपत्राची झेरॉक्स रविवारपर्यंत माझ्याकडे द्या.

बी-१०३ ताई: धाकटीच्या शाळेची परीक्षा त्याच सुमारास आहे बहुतेक. वेळापत्रक सोमवारी कळेल, मग सांगते.

ए-२०१ काकू: सांगा. नाही जमलं तर पुढच्या अष्टमीचं बघू, पण मेच्या मध्याआधी. आणि माझ्याकडे स्टीलच्या सहा बाटल्या आहेत, आणखी आठ लागतील.

सी-४०४ दादा: चार आमच्याकडे.

बी-३०२ आजोबा: माझ्याकडे पितळी फिरकीचा तांब्या आहे, चालेल का?

ए-२०१ काकू: धावेल आजोबा.