रोग्याचे रक्त रोग्यालाच परत देणारे हातसक्शन : सिरिंज वापरावी का?

जांबोटीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात साठलेले रोग्याचे स्वतःचेच रक्त हाताने ओढून, गाळून पिशवीत भरता यावे आणि तेच त्याला परत चढवता यावे, असे एक साधन मी प्रकल्पासाठी आखत आहे. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला की आतल्या आत लिटरभराहून अधिक रक्त जाऊ शकते. पावसाळ्यात कणकुंबीकडची बाई खानापूरला पोहोचेपर्यंतच बराच वेळ गेलेला असतो, आणि त्यात हव्या त्या गटाची पिशवी बेळगावहून यायची असेल तर डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही. अमेरिकेतील सिसू ग्लोबल हेल्थ या कंपनीचे ‘हेमाफ्यूज’ हे साधन याच तत्त्वावर चालते, हे मला माहीत आहे. मात्र इथल्या इथे बनवता येईल असे काही हवे आहे.

माझ्या आराखड्यात ६० मि.ली.ची साधी सिरिंज, दोन एकदिशा व्हॉल्व्ह आणि ओढण्याच्या नळीतच ४० मायक्रॉनचा फिल्टर आहे. पाण्यावर ते उत्तम चालते. रक्तावर कुठे अडेल, हे जाणकारांनी सांगावे.

उद्यमबाग_हायड्रॉलिक्स

मी डॉक्टर नाही. सिलिंडर आणि पिस्टन यांतच आयुष्य गेले आहे. पाणी कितीही जोराने ओढले तरी पाण्याचे काही बिघडत नाही, परंतु तांबड्या पेशी फुटतात. रक्त परत द्यायचे असेल तर सक्शन १०० ते १५० मि.मी. पाऱ्याच्या आत ठेवावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आता तुमच्या सिरिंजचा हिशेब पाहा. ६० मि.ली. सिरिंजचा आतला व्यास सुमारे २८ मि.मी. असतो, म्हणजे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटरच्या थोडे वर. नळीचे तोंड चोंदलेले असताना दांडा अवघ्या सव्वा किलोच्या जोराने ओढला तरी आतले सक्शन १५० मि.मी.ची मर्यादा गाठते. घाईत असलेला माणूस सहज चार-पाच किलोचा जोर लावेल. तेवढ्या जोराने सक्शन ५०० मि.मी.च्या आसपास जाईल, आणि ते त्याला कळणारही नाही, कारण हाताला तर दांडा हलकाच लागलेला असतो.

म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोठा घ्या. ६० मि.मी. व्यासाला क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटरच्या वर जाते आणि तीच मर्यादा गाठायला जवळजवळ पावणेसहा किलोचा जोर लागतो. स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची एका वेळची धाव, आटोपशीर होतो. सव्वापाच सेंटिमीटरमध्ये १५० मि.ली. रक्त येते.

नळीच्या बाबतीत मात्र कंजुसी नको. आतला व्यास निम्मा केला तर तोच प्रवाह ठेवायला सोळापट दाब लागतो. त्यामुळे फिल्टर, कोपरे, जोड अशी जी जी अडचण तुम्ही ओढण्याच्या बाजूला ठेवाल, ती ती सक्शन वाढवायला माणसाला भाग पाडेल. स्टीलच्या गोळीचा व्हॉल्व्हही घेऊ नका, गोळी बसते तेथे पेशी चिरडतात. बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बरा.

निपाणीच्या डॉक्टर (स्त्रीरोग)

वरील सूचनेला माझे अनुमोदन आहे. ही कल्पना नवी नाही. १९१४ साली योहानेस थीस यांनी गर्भनलिका फुटलेल्या रुग्णांना त्यांच्याच पोटातले रक्त परत दिले होते. आणि जेथे काहीच साधन नसते तेथे आजही निर्जंतुक पळीने रक्त काढून कापडातून गाळतात. तुमच्या साधनाची स्पर्धा सेल सेव्हर यंत्राशी नाही, त्या पळीशी आहे. ते यंत्र पेशी धुऊन घेते. तुमचे साधन धुणार नाही, त्यामुळे फुटलेल्या पेशींतले मोकळे हिमोग्लोबिन रक्तासोबत रोग्याच्या मूत्रपिंडापर्यंत जाईल. म्हणून दाबाला एवढे महत्त्व आहे.

टोकाला एकच भोक ठेवू नका. आतडे किंवा पोटातली चरबीची झालर भोकाला चिकटते आणि सगळे सक्शन तिथेच अडते. बाजूने अनेक भोके असलेले टोक घ्या आणि ते रक्ताच्या पातळीखाली बुडालेले राहील इतके लांब ठेवा, कारण पृष्ठभागावरून ओढले की हवा मिसळून फेस होतो आणि फेसात पेशी फार फुटतात. गाठी आम्ही आधी हाताने काढतो, त्यामुळे ओढण्याच्या बाजूला जाड जाळी पुरे. ४० मायक्रॉनचा फिल्टर पिशवीच्या बाजूला न्या.

आतडे फाटले असेल, पू असेल, रक्ताला वास येत असेल, तर हे रक्त घ्यायचेच नाही. तो निर्णय टेबलावरच्या सर्जनचा आहे, साधनाचा नाही.

रक्तपेढी_तंत्रज्ञ

मॅडमनी सायट्रेटचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचा, उल्लेख केलेला नाही म्हणून लिहितो. पोटात काही वेळ राहिलेले रक्त बहुधा पुन्हा गोठत नाही, पण ताजे वाहणारे रक्त त्यात मिसळत असते. आमच्या ३५० मि.ली.च्या पिशवीत ४९ मि.ली. सीपीडीए हे सायट्रेटचे द्रावण असते, म्हणजे १०० मि.ली. रक्तामागे १४ मि.ली.; तेच प्रमाण धरा. तुमचा एक स्ट्रोक १५० मि.ली.चा असेल तर स्ट्रोक मोजून द्रावणाचे प्रमाण सांभाळता येईल. सिलिंडर पारदर्शक हवा, आणि पिशवी रोग्याला लावण्यापूर्वी तिच्यातली हवा काढता आली पाहिजे.

चाचणीसाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे रक्त थेट सायट्रेटमध्ये धरून आणा. बकऱ्याच्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा बऱ्याच लहान असतात, त्यामुळे येणारा आकडा माणसाला लागू पडणार नाही. तुलना तेवढी खरी. त्याच रक्ताचा एक नमुना न ओढता ठेवा, दुसरा सिरिंजमधून आणि तिसरा मोठ्या बोअरमधून न्या, आणि तिन्ही सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवा. वरचा द्रव (प्लाझ्मा) पिवळसर राहिला की पेशी फुटून गुलाबी झाला, हे डोळ्यांनाच दिसते. त्यानंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोकळे हिमोग्लोबिन मोजून घ्या.

जांबोटीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिरिंज बाद केली. मात्र काका, बोअर ६० मि.मी. केला तरी धडधाकट माणूस दहा किलोच्या जोरानेही ओढू शकेल. मध्ये हवा आत घेणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह टाकू का?

उद्यमबाग_हायड्रॉलिक्स

तो टाकलात तर डॉक्टरांनी सांगितलेला फेस तुम्ही स्वतःच तयार कराल. त्यापेक्षा ओढण्याचे काम माणसाकडे ठेवूच नका. पिस्टनच्या मागे, रक्त पोहोचणार नाही अशा बाजूला, स्प्रिंग बसवा. माणसाने फक्त ढकलायचे. रक्त पिशवीत जाते आणि स्प्रिंग दबते. हात सोडला की स्प्रिंग पिस्टन मागे आणते आणि रक्त ओढले जाते. पूर्ण दबलेल्या स्थितीत स्प्रिंगचा जोर सुमारे ३.८ किलो ठेवलात तर ६० मि.मी. बोअरला सक्शन १०० मि.मी.वर जाणार नाही, मग नळीचे तोंड बंद असो वा उघडे. पिस्टन मागे येईल तसा जोर कमी होत जातो, म्हणून स्प्रिंग लांब आणि मऊ घ्या. आखूड, कडक स्प्रिंग शेवटी ओढेनाशी होते. मूठ पिस्टनला जोडू नका, नुसती टेकलेली ठेवा, म्हणजे कोणी मूठ मागे खेचली तर ती एकटीच हातात येईल.

सीलचे घर्षण आधी कोरडे आणि नंतर ओले मोजा. घट्ट ओ-रिंग एक किलो सहज खाते आणि तेवढा जोर स्प्रिंगमध्ये वाढवावा लागतो. वाफेच्या निर्जंतुकीकरणानंतर पुन्हा मोजा, कारण १२१ अंशांतून निघालेले सील पूर्वीसारखेच चालेल असे नाही.

निपाणीच्या डॉक्टर (स्त्रीरोग)

आणखी एक. बकऱ्याच्या रक्तावर कितीही चांगले चालले तरी कोणाच्या आग्रहाने ते रोग्यावर वापरून पाहू नका. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवानगी आणि एथिक्स कमिटीची मान्यता लागते, आणि रक्ताला लागणाऱ्या प्रत्येक प्लास्टिकची रक्त-सुसंगतता तपासलेली लागते. प्रकल्पाच्या अहवालात हे स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहा. परीक्षक हेच विचारतील.