उलाम, सिनिगांग, आदोबो : मराठीत काय लिहावं?

तीन वर्षं आम्ही फिलिपिन्समध्ये इलोइलोला राहतोय. घरमालकीणबाईंना मी इथल्या रीतीने 'नानाय' म्हणजे आई म्हणते. त्यांच्या चुलीशी उभं राहून शिकलेले सात-आठ पदार्थ आता आमच्या घरी नेहमी होतात. चिपळूणला आईने ते वहीत उतरवून मागितले आहेत, आणि मी पहिल्याच पानावर अडले आहे.

पहिला शब्द 'उलाम'. भाताबरोबर जे काही खायचं ते सगळं उलाम. मासा असो, भाजी असो, रस्सा असो की नुसता तळलेला बांगडा. इथल्या खानावळीत ओळीने पातेली मांडलेली असतात, बोट दाखवून उलाम मागायचं. (अशा खानावळींना 'तुरो-तुरो' म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणे.) मी आधी 'साइड डिश' लिहिलं आणि खोडलं, कारण ते बाजूला ठेवायचं काही नाही, भाताचा जोडीदार आहे. 'कालवण' लिहिलं तर तळलेला मासा त्यात बसत नाही.

दुसरा 'सिनिगांग'. चिंचेसारखं काहीतरी घालून केलेलं पातळ, आंबट, भाज्या आणि मांस किंवा मासे असलेलं. मी लिहिलं 'आंबवलेलं मटण', तर आईचा फोन : "किती दिवस आंबवायचं?" तिचंच बरोबर. आंबवायचं ते आंबोळीचं पीठ.

तिसरा 'आदोबो', व्हिनेगरात शिजवून आटवलेली कोंबडी. त्याला तर शब्दच सुचत नाही. सुचवाल का?

प्रतिसाद

उलामला आमच्या साताऱ्याकडचा शब्द तयार आहे : कोरड्यास. "आज कोरड्यास काय केलंय?" या प्रश्नाला उत्तर पिठलं असू शकतं, वांग्याची भाजी असू शकते, सुकटसुद्धा. पातळ की कोरडं हा प्रश्नच नसतो, भाकरी कशाशी खायची एवढाच असतो. इंग्रजीत याला सरळ शब्द नाही, म्हणून फिलिपिन्सच्या इंग्रजीत 'वायंड' हा जुना शब्द अजून रोज चालतो. आपल्याला तशी अडचण नाही.

प्रतिसाद

कोरड्यास छान आहे, पण त्यात भाकरी गृहीत आहे. उलाममध्ये भात गृहीत आहे. चिपळूणच्या वहीत कोरड्यास लिहिलंत तर आईंना अर्थ कळेल, आपला शब्द वाटणार नाही. 'तोंडीलावणं' मात्र लिहू नका. ते लोणचं-पापडाला. इथे 'आचारा' म्हणून कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं करतात, ते तोंडीलावणं. (आचारा आणि हिंदीतलं अचार हे एकच.)

प्रतिसाद

मला शब्दाच्या घडणीबद्दल सांगायचं आहे, कारण अडचणीचं मूळ तिथे आहे असं वाटतं. ही पदार्थांची नावं नामं दिसतात, पण आतून क्रियापदं आहेत. तागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्समधल्या प्रमुख भाषेत, 'इन' हा प्रत्यय शब्दाच्या पुढे-मागे न लागता पोटात शिरतो, पहिल्या व्यंजनानंतर. 'सिगांग'चं सिनिगांग. 'किलाव'चं किनिलाव, म्हणजे आंबटात मुरवलेला कच्चा मासा. 'सांगाग'चं सिनांगाग, म्हणजे लसणावर परतलेला शिळा भात. 'गाता' म्हणजे नारळाचं दूध, त्याच्या पोटात 'इन' आणि शेवटी 'आन' : गिनाताआन. 'दुगो' म्हणजे रक्त, त्याचं दिनुगुआन. प्रत्येकात 'अमुक केलेलं' हा अर्थ आहे.

संस्कृत शिकलेल्यांना हे परकं वाटू नये. रुधादि गणात छिद्-चं छिनत्ति होतं, तिथेही 'न' धातूच्या पोटातच बसतो. पाणिनी त्याला 'श्नम्' म्हणतो. दोन भाषाकुळांचा संबंध नाही आणि अर्थही वेगळा, पण शब्द मधून उघडून काही आत ठेवायचं ही कल्पना आपल्या ओळखीची आहे.

मराठी पदार्थही कित्येकदा क्रियेवरूनच नाव घेतात. ठेचला तो ठेचा, खरडला तो खरडा, घोटलं ते घुटं. तेव्हा भाषांतर पदार्थाचं न करता क्रियेचं करावं. नाव सिनिगांगच ठेवा, आणि शेजारी काय केलंय ते मराठी क्रियापदात लिहा.

प्रतिसाद

मी मालवणची. सिनिगांगला 'सार' का नको? पातळ, आंबट, भातावर घ्यायचं आणि वाटीतून प्यायचंही. 'सूप' लिहिण्यापेक्षा शंभरपट बरं. आणि 'आंबवणे'ऐवजी आपल्याकडे आंबट हे नामच आहे ना : "आमटीत आंबट काय घातलंस?" चिंच, कोकम, कैरी, बिंबल, जे हाताशी असेल ते. सिनिगांगचं तेच आहे. मनिलाकडे 'सांपालोक' म्हणजे चिंच घालतात, कुठे 'कामियास', म्हणजे आपलं बिंबलच. तुमच्या इलोइलोत तर 'बातवान' असेल. तो रातांब्याचा सख्खा भाऊ आहे, दोघंही गार्सिनिया. आपण रातांब्याची साल वाळवून कोकम करतो, ते हिरवं फळ अख्खं रश्श्यात टाकतात. आईंना हे सांगा, त्यांना लगेच चव कळेल.

मूळ लेखिका

बातवान! अगदी खरं. नानाय फळं अख्खी सोडतात, मऊ झाली की पळीने पातेल्याच्या कडेला चेपतात. पहिल्यांदा तो रस्सा चाखला तेव्हा मला आजीच्या घरचं सार आठवलं होतं आणि का ते कळलं नव्हतं.

इथला सगळ्यांचा लाडका पदार्थ 'केबीएल' : कादयोस, बाबोय, लांगका. कादयोस म्हणजे तूर, बाबोय म्हणजे डुकराचं मांस, लांगका म्हणजे फणस. कोवळ्या फणसाच्या फोडी, तुरीचे काळपट दाणे आणि आंबटाला बातवान. तुरीने रस्सा जांभळट होतो. आई डुकराचं मांस करणार नाही, पण तूर, फणस आणि कोकम हे तिच्या घरातच आहे. वहीत 'सार' लिहिते आहे.

प्रतिसाद

आदोबोबद्दल. शब्द स्पॅनिश, 'आदोबार' म्हणजे मसाल्यात मुरवणे. रीत मात्र फिलिपिन्सचीच. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा तागालोग शब्दकोश १६१३ साली छापला गेला, त्यात 'स्थानिक लोकांचा आदोबो' अशी नोंद आहे. म्हणजे पदार्थ आधीच शिजत होता, स्पॅनिशांनी त्याला आपल्या घरच्या ओळखीचं नाव दिलं. सोया सॉस न घातलेला पांढरा आदोबो, 'आदोबोंग पुती', अजूनही करतात.

गोव्याच्या विंदालूचं मूळ आठवा : पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्योस', वाइन आणि लसूण. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. फिलिपिन्समध्येही माडाच्या 'तुबा'पासून व्हिनेगर करतात. म्हणून गोव्याकडच्या माणसाला आदोबो समजवायला एक वाक्य पुरतं.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तागालोगमध्ये व्हिनेगरला 'सुका' म्हणतात. तो मलय 'चुका'वरून आला आणि मलय शब्द संस्कृत 'चुक्र'वरून. चुक्र म्हणजे आंबट, आंबवलेलं पेय, आणि एक आंबट पालेभाजी. ती भाजी आपण आजही त्याच नावाने विकत घेतो : आंबट चुका. बाजारातल्या त्या जुडीचं आणि मनिलातल्या व्हिनेगरच्या बाटलीचं नाव एकाच घरचं आहे.

प्रतिसाद

'लासा' म्हणजे चव, तोही मलयमार्गे आलेला आपला 'रस'. आणि भाताच्या पेजेवर भुरभुरतात त्या करडईच्या पाकळ्या 'कासुभा', म्हणजे कुसुंभ.

एक सावधगिरी : वहीत 'सुका घालणे' लिहू नका. आई सुकं मटण नाहीतर सुकट समजतील. शिवाय तिकडेही उच्चार सांभाळावा लागतो, शेवटचा 'का' घशात झटकन तोडला नाही की 'सुका'चा अर्थ ओकारी होतो.

मूळ लेखिका

व्हिनेगरच लिहिते. इलोइलोत त्याला 'लांगाव' म्हणतात, पण तो शब्द आईवर लादण्यात अर्थ नाही.

आदोबोची एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती मला नावापेक्षा मोठी वाटते. नानायने पहिल्या दिवशी माझा हात धरला होता. व्हिनेगर ओतलं की ढवळायचं नाही, झाकायचं नाही, आधी उकळी येऊ द्यायची. नाहीतर व्हिनेगर 'हिलाव' राहतं. शब्दकोशात हिलाव म्हणजे कच्चं, पण व्हिनेगर कच्चं कसं असेल? बरेच दिवस मी ते 'नीट न शिजलेलं' असं मनात म्हणत होते. काल वाटण परतताना आईचा आवाज आठवला : "कच्चट वास जाऊ दे गं." हिलाव म्हणजे कच्चट.

म्हणून पान असं लिहिलं आहे. उलाम हा शब्द तसाच ठेवला, कंसात 'भाताबरोबरचं'.

'आदोबो. व्हिनेगरात शिजवून आटवलेली कोंबडी. अर्धा किलो कोंबडी, एक गड्डा लसूण ठेचून, चमचाभर अख्खी मिरी, दोन तमालपत्रं, पाव वाटी सोया सॉस. तासभर मुरू दे. मग थोडं पाणी आणि पाव वाटी व्हिनेगर घालून आचेवर ठेव. उकळी येऊन कच्चट वास जाईपर्यंत पळी लावायची नाही. मग झाकून मंद आचेवर शिजव, शेवटी झाकण काढून रस अंगाशी येईतो आटव. मीठ चव बघून. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.'

आईने वाचलं आणि विचारलं, "माडाचं व्हिनेगर चालेल ना? गोव्याहून मागवते."