उत्तर: ओआरएम म्हणजे पर्सिस्टन्स नव्हे

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की ओआरएम (प्रोग्रॅममधली ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी) लावलं की पर्सिस्टन्सचा, म्हणजे प्रोग्रॅम बंद झाल्यावरही डेटा टिकवण्याचा, विषय संपला. अहो, ओआरएममध्ये कुठला क्लास कुठल्या टेबलात जाणार ते मॅपिंग तुम्हीच लिहिता ना, आणि पर्सिस्टंट लँग्वेजवाल्यांचं (डेटा टिकवण्याची सोय प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच घालणाऱ्यांचं) म्हणणंच हे होतं की ते लिहायलाच लागू नये. १९७७ च्या पास्कल/आरमध्ये रिलेशन (म्हणजे टेबल) हा टाइपच भाषेत घातला, पण डेटाबेसमध्ये टिकणार ती फक्त रिलेशन्स, साधा ॲरे नाही. मग १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ॲटकिन्सन, मॉरिसन या संशोधक मंडळींनी पीएस-अल्गोल ही भाषा केली, त्यात डेटाबेसच्या रूटपासून (सुरुवातीच्या ऑब्जेक्टपासून) पॉइंटर धरत जिथवर पोचता येतं ते सगळं कमिटला (बदल पक्के करताना) टिकतं, टाइप कुठलाही असो, पुढे तर प्रोसिजरसुद्धा! उलट आमच्याकडे महापेला बिलिंगच्या ओआरएमवाल्या कोडमध्ये ग्राहक, त्याचे मीटर, मीटरची रीडिंग असं आहे, लूप फिरवला की लेझी लोडिंग (लागेल तेव्हाच डेटा आणणं) प्रत्येक मीटरला वेगळी क्वेरी मारतं, लॉग बघून डोकं फिरतं.

अर्थात रीचेबिलिटी (रूटपासून पोचता येईल ते टिकवणं) पण फुकट नाही, एखादा पॉइंटर काढायचा राहिला की नको तो डेटा वर्षानुवर्षं चिकटून बसतो. आणि क्लासची व्याख्या बदलली तर आधीच साठवलेल्या ऑब्जेक्टचं काय करायचं? तिथे मला अजूनही आपलं टेबलाची रचना बदलणारं एसक्यूएलचं अल्टर टेबलच बरं वाटतं.