बाबांचा चालायचा स्पीड घरी कसा मोजायचा? नेहमीचा आणि जोरातला, दोन्ही

रंकाळाकर: नमस्कार मंडळी. बाबा ७२ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता काठीशिवाय चालतात. फिजिओनं दोन्ही स्पीड लिहून ठेवायला सांगितलेत. रंकाळ्यावर ॲप लावून बघितलं पण आकडा सारखा वरखाली, त्यात कोण ओळखीचं भेटलं की बाबा थांबणार, मग सरासरीला काय अर्थच राहत नाही. नीट पद्धत सांगा की कुणीतरी.

फिजिओताई: इतक्या कमी अंतराला जीपीएसचा उपयोग नाही, टेप आणि स्टॉपवॉच बास. १४ मीटर सरळ सपाट जागा बघा आणि खडूनं ०, २, १२, १४ वर रेघा मारा. पाय २ ची रेघ ओलांडला की घड्याळ सुरू, १२ ला बंद. दोन्ही टोकांचे २ मीटर सोडायचे कारण माणूस आधी वेग पकडतो आणि शेवट दिसला की आपोआप हळू होतो. १० भागिले सेकंद. ८ सेकंद लागले तर १.२५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर.
सगळ्यात महत्त्वाचं, काय बोलता ते. आधी "रोजच्यासारखं चाला", नंतर "पळू नका, पण तोल सांभाळून जमेल तितकं जोरात चाला". दरवेळी हेच शब्द. शेजारून पण अर्धं पाऊल मागं राहा, पुढं गेलात तर ते तुमच्या पावलाला पाऊल लावतात आणि मग तो स्पीड त्यांचा नाही, तुमचा होतो.

पेठेतला_भाऊ: बोहॅननचा १९९७ चा अभ्यास आहे यावर, निरोगी लोकांवरचा. नेहमीचा वेग सरासरी १.२७ (सत्तरीतल्या बायका) ते १.४६ (चाळिशीतले पुरुष), आणि जोरातला १.७५ ते २.५३. म्हणजे वयानं नेहमीचा फार पडत नाही, जोरातला पडतो! म्हणून दोन्ही मोजायचे. सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडायचा तर ही वरची शिल्लकच कामाला येते भावा.

रंकाळाकर: लै भारी माहिती. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जागा हाय. बाबा कायम कोल्हापुरी चप्पल घालतात, चालेल?

फिजिओताई: जोरात चालताना नको, टाच सुटते. मागून पट्टा असलेलं सँडल किंवा बूट, आणि दोन्ही वेगांना तेच, पुढच्या महिन्यातही तेच. वेगात ०.१ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तरी तो मोठा धरतात, तो चपलेमुळं पडायला नको. गुडघा दुखला की लगेच थांबवा.